चार रंग आणि बाईचा चेहरा



दोन महिने काही लिहिले नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. हात तेलरंगात बुडालेले होते आणि डोके त्याहून जास्त, एवढेच कारण. आमच्या बाईचे चित्र काढत होतो. (आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. पुण्यामुंबईच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये!)

मागच्या आठवड्यात चित्र पुरे झाले. नातवाने त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात थोरल्या भाचीचा फोन आला. "मामा, चित्र छान आहे, पण आईला एवढी काळी का हो काढली?" धाकटीने समजूतदारपणे लिहिले की फोटो काढताना उजेड कमी पडला असेल. भाच्याने तर कमालच केली. त्याने मोबाईलवरच चित्र उजळ करून परत पाठवले, खाली हात जोडल्याची खूण!

फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही. मास्तर माणूस, फळ्यावर किंवा कागदावर लिहिल्याशिवाय मुद्दा सुचत नाही. म्हणून हा लेख. भाच्यांनो, शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

आधी थोडे माझ्याबद्दल, कारण सगळ्यांना माहीत नसेल. मी नागपूर विद्यापीठाचा मराठी माध्यमातला बी.ए. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. चित्रकलेला शिक्षक नव्हता आणि मी कधीकाळी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिलेल्या, म्हणून तो तासही माझ्या गळ्यात. निवृत्त झाल्यावर नागपूरहून बारा ट्यूबची तेलरंगांची पेटी आणली आणि माणसांचे चेहरे काढायला लागलो. पहिली पाच-सहा चित्रे कोणाला दाखवण्यासारखी नाहीत. गालाला गुलाबी, सावलीला जांभळा, हनुवटीखाली हिरवा.. पेटीत रंग आहे तर वापरला पाहिजे ना! शेजारच्या पाटलांना त्यांचेच चित्र दाखवले तर म्हणाले, "सर, हा दशावतारातला कोण हो?"

त्या पेटीत 'फ्लेश टिंट' नावाची एक ट्यूब होती. फ्लेश टिंट म्हणजे अंगाचा रंग. तयार! ट्यूब पिळायची आणि माणूस रंगवायचा. रंग कसा, तर फिकट गुलाबी, बदामाकडे झुकलेला. मी बराच काळ त्यातच थोडा तपकिरी मिसळून आमच्या गावातली माणसे रंगवत होतो. मुकुटबनच्या उन्हात पन्नास वर्षे कापूस वेचलेली माणसे, आणि सगळी आजारातून उठल्यासारखी दिसायची. ही अक्कल कोणाची? माझीच.

मग वाचनात अँडर्स झॉर्न आला. हा स्वीडनचा चित्रकार, मोरा गावचा, जन्म १८६० आणि मृत्यू १९२०. व्यक्तिचित्रणात त्याचे नाव इतके मोठे की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचे चित्र १९११ साली त्याने काढले. पण चेहरे रंगवताना तो बहुधा चारच रंगांवर भागवायचा. पांढरा, यलो ऑकर म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, व्हर्मिलियन म्हणजे हिंगुळाचा तांबडा, आणि काळा. त्याने १८९६ साली स्वतःचे चित्र काढले, त्यात त्याच्या हातातल्या पॅलेटवर हेच मोजके रंग मांडलेले दिसतात. निळा नाही, हिरवा नाही, तयार तपकिरीसुद्धा नाही.

ही युक्ती झॉर्नच्याही आधीची आहे. प्लिनी नावाचा रोमन लेखक पहिल्या शतकात होऊन गेला. तो सांगतो की सिकंदराचा चित्रकार अपेलिस आणि त्याच्या काळचे मोठे चित्रकार चारच रंग वापरायचे, मेलोस बेटाची पांढरी माती, अ‍ॅटिकाची पिवळी, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपची तांबडी, आणि काळा. वर कुरकुर करतो की आता एवढे महाग रंग आले, पण चित्रे काही तशी होत नाहीत. प्लिनीने थोडे ताणून सांगितले असावे, कारण त्या काळच्या ग्रीक थडग्यांतल्या चित्रांत निळाही सापडला आहे. पण त्याची कुरकुर मला ओळखीची वाटली. म्हातारे सगळ्या शतकांत सारखेच!

हे वाचले आणि मी हसलो. हे चार रंग मी जन्मल्यापासून पाहतो आहे. आमच्या मातीच्या घराला माय दिवाळीआधी चुना द्यायची, खाली पिवळ्या मातीचा पट्टा, कडेला गेरू, आणि चुलीमागची भिंत काजळीने काळी. पांढरा, पिवळा, तांबडा, काळा. आमच्या या भागाच्या पोटातही हेच आहे. मुकुटबनच्या चुनखडीवर आज सिमेंटचा कारखाना उभा आहे आणि वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. पिवळी माती भाजली की तांबडी होते, कारण दोन्हींत लोखंडाचाच गंज. आणि तेलरंगातले तेल कसले, तर जवसाचे! ज्याची चटणी आपण ज्वारीच्या भाकरीशी खातो ते जवस. (मी हुशारी करून घाण्यावरचे जवसाचे तेल रंगात घालून पाहिले. चित्र तीन आठवडे चिकट राहिले आणि त्यावर दोन माश्या कायमच्या बसल्या. रंगाच्या दुकानातले शुद्ध केलेले तेलच घ्यावे, ही सूचना.)

तर बारा ट्यूबची पेटी नातवाला देऊन टाकली आणि चार ट्यूब घेऊन बसलो. व्हर्मिलियनमध्ये पारा असतो, म्हणून त्याऐवजी कॅडमियम रेड. जुन्या शिशाच्या सफेद्याऐवजी टिटॅनियम व्हाइट. यलो ऑकर आणि आयव्हरी ब्लॅक. झाले.

गंमत अशी की रंग कमी केले की डोळ्यांना काम वाढते. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवा होतो, शेवाळी का होईना. तांबड्यात काळा घातला की पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा गडद रंग येतो. काळ्यात पांढरा मिसळला की राखाडी होतो हे बालवाडीतले पोरही सांगेल, पण तोच राखाडी तांबूस चेहऱ्याशेजारी ठेवला की निळा दिसतो. निळ्याची ट्यूब घरात नाही, आणि चित्रात निळा! रंग एकटा नसतोच, शेजाऱ्यामुळे तो ठरतो. बारा ट्यूब होत्या तेव्हा मी पेटीत बघत होतो. चार राहिल्या तेव्हा समोरच्या माणसाकडे बघायला लागलो. मला सांगायचे आहे त्यातली पहिली गोष्ट ही.

आता बाई.

बाई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आता एक्याऐंशीची. तिला पांढरकवड्याकडे दिलेली. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर हवापालटाला म्हणून माझ्याकडे आली. ऑपरेशननंतर तिला सगळे नवे दिसत होते. "आता साफ दिसते मले," म्हणायची आणि भिंतीवरच्या पालीपासून माझ्या शर्टाच्या डागापर्यंत सगळे मोजून दाखवायची. म्हटले बाई, रोज सकाळी तासभर छपरीत बस, तुझे चित्र काढतो. तांदूळ निवडायला घेऊन बसली. उत्तरेकडून सावलीचा उजेड, दहाच्या सुमाराचा. पहिले दोन दिवस नुसत्या रेघा.

तिसऱ्या दिवशी रंग कालवले तेव्हा बाई तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "थोडी उजळ काढजो रे भाऊ."

मी हसण्यावारी नेले. ती हसली नाही.

हे "उजळ" आमच्या घरात फार जुने आहे. बाईला बघायला पहिली दोन स्थळे आली ती मला आठवत नाहीत. तिसरे आठवते. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. पोहे झाले, सुपारी झाली, आणि बाहेर बैलगाडीजवळ त्यांच्यातले एक गृहस्थ आमच्या बाबांना म्हणाले, पोरगी गुणाची आहे, रंगाचे मात्र जरा बघावे लागेल. "बघणे" म्हणजे काय ते पुढच्या स्थळाच्या वेळी कळले. बाबांनी बैलजोडी विकली. वर्षभर आम्ही भाड्याच्या बैलांवर शेत वाहिले. काळ्या रानातून पीक काढणारी माणसे आम्ही, काळी जमीन असली की दर जास्त सांगतो, आणि काळी मुलगी असली की वर बैलजोडी देतो! बाईचे यजमान पुढे फार चांगले निघाले, तिचा संसार सुखाचा झाला. पण बैल गेल्याचे तिला माहीत होते. ती त्यांना रोज चारा घालायची.

चौथ्या दिवशी मी तिचे ऐकले. म्हटले एक्याऐंशीची बहीण, तिचा एवढा हट्ट पुरवायला काय जाते? चेहऱ्याच्या रंगात पांढरा वाढवला. गाल, कपाळ, नाक, सगळीकडे एकेक घर उजळ. संध्याकाळी लांबून बघितले तर अंगावर काटा आला. बाई उजळ झालेली नव्हती. राख फासल्यासारखी दिसत होती.

ज्यांनी तेलरंग हाताळले आहेत त्यांना हे ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पांढरा रंग उजेड देतो हा आपला गैरसमज. पांढरा मिसळला की रंग फिका पडतो आणि थंडही पडतो, त्यातली ऊब जाते. सावळ्या कातडीत खाली तांबूस आणि पिवळसर ऊब असते, तीवर पांढरा ओतला की जिवंतपणा पहिला मरतो. सावळा चेहरा उजेडात आणायचा असेल तर पिवळा आणि तांबडा वाढवायचा. पांढरा राखून ठेवायचा, अगदी शेवटी, कपाळावरच्या आणि नाकाच्या शेंड्यावरच्या चमकेसाठी. ती चमक मात्र सावळ्या चेहऱ्यावरच खरी दिसते, कारण भोवती गडद असते. बाईच्या कपाळावर सकाळी आकाशाचा निळसर तुकडा पडायचा. गोऱ्या कपाळावर तो विरून गेला असता. मी इतकी वर्षे तिच्यासमोर बसलो, जेवलो, भांडलो, पण बाईच्या कपाळावर आकाश पडते हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले.

पाचव्या दिवशी चाकूने सगळा राखाडी चेहरा खरवडून काढला.

आपल्याकडे हे नवे नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाशेजारी एक सावळी स्त्री आहे. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने तिला कोणाची माफी मागत काढलेले नाही. रंग बहुतेक तेच, चुना, पिवळी आणि तांबडी माती, काजळी, थोडी हिरवी माती. निळा तेवढा लांबून आणलेला. आणि आपण? विठोबाला सावळा म्हणताना आपला गळा भरून येतो, आणि स्थळाच्या जाहिरातीत आजही "गोरी" हा शब्द शिक्षणाच्या आधी येतो. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द २०२० साली गेला. नाव गेले, मोबाईलमध्ये मात्र ते क्रीम आता फुकट मिळते. फोटो निघण्याआधीच चेहरा उजळून निघतो, कोणी मागितले नसले तरी.

आता माझे स्वतःचे. दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी हे सांगणे भाग आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी भारतमाता असायची. मुकुट, तिरंगी काठाची साडी, हातात झेंडा. ती मुलगी मी निवडायचो. कितीतरी वर्षे निवडली, आणि एकदाही सावळी मुलगी निवडली नाही. वर्गात निम्म्याहून जास्त पोरी बाईच्याच रंगाच्या होत्या. एका वर्षी पाचवीतली एक पोरगी, आवाज खणखणीत, पाठांतर चोख, तालमीपर्यंत आली होती. मी तिला "शेतकरीण" केले. तिने काही म्हटले नाही. पोरी म्हणत नाहीत. चित्रकलेच्या तासाला "माणसाला अंगाचा रंग द्या" असे मीच सांगायचो, आणि पोरे मेणखडूंच्या डबीतला तो फिकट गुलाबी खडू घेऊन आपली आई रंगवायची. गेल्या महिन्यात फ्लेश टिंट खरवडता खरवडता मला ती पोरगी आठवत राहिली. आता ती चाळिशीत असेल. कुठे असेल ते माहीत नाही. हा लेख तिच्यापर्यंत पोचला तर, बाळ, चूक माझी होती.

कोणी म्हणेल, सर, व्यक्तिचित्र हे समोरच्याला आवडावे म्हणूनच असते, आणि बाई स्वतःच उजळ मागत होती तर तुम्ही कोण? प्रश्न बरोबर आहे, मीही तो स्वतःला विचारला. साडीच्या बाबतीत मी हार पत्करली. माझ्या चार रंगांतून तिची हिरवी साडी शेवाळासारखी येत होती. ती म्हणाली, "हे का माही साडी हाये? तळ्यातलं गाबाळ दिसते!" मुकाट्याने हिरव्याची एक ट्यूब मागवली. झॉर्नसुद्धा पाणी आणि झाडे रंगवताना निळा-हिरवा वापरायचाच. चार रंग म्हणजे काही सोवळे नव्हे. साडी तिने निवडली होती, दुकानात तास घालून. तिच्या निवडीचा मान ठेवला पाहिजे.

पण "उजळ काढ" ही तिची निवड नव्हती, असे माझे मत आहे. ते त्या बैलगाडीजवळच्या माणसाचे वाक्य होते, साठ वर्षे तिच्या तोंडात राहिलेले. ते मी माझ्या हाताने रंगवणार नव्हतो. तुम्हाला हा हट्टीपणा वाटेल. वाटू द्या.

आपले वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या काढलेल्या चित्राला. मी कुठे आणि ते कुठे! पण घरच्या माणसाला काढणे सर्वांत अवघड, हे आता मलाही पटले आहे. परक्याकडे आपण बघतो तरी. घरच्यांना आपण पाठ केलेले असते, आणि पाठ केलेले कोणी पुन्हा वाचत नाही. चार रंगांनी मला बाई पुन्हा वाचायला लावली, म्हणून लिहितो आहे.

आता शेवटचे सांगून थांबतो. आमच्या मायचा एकच फोटो घरात आहे. ती गेल्यावर कुठल्याशा छोट्या फोटोवरून मोठा करून घेतलेला. स्टुडिओवाल्याने हाताने रंगवून, गालावर लाली देऊन, चेहरा असा पांढरा केला की ती माय कोणाची हे घरच्यांना सांगावे लागायचे. चाळीस वर्षे आम्ही त्यालाच हार घालत आलो. मायचा खरा रंग कसा होता, मला आठवेनासा झाला होता.

चित्र संपले त्या दिवशी बाईला समोर आणून उभे केले. नव्या डोळ्यांनी तिने बराच वेळ बघितले. मी मनाची तयारी केली होती की आता ऐकून घ्यावे लागणार. ती जवळ गेली, लांब झाली, पदराने डोळे पुसले (ऑपरेशनचे पाणी, म्हणाली) आणि एवढेच बोलली, "हे त माय दिसून राह्यली."

मग तांदूळ घेऊन बसली.

चित्र अजून माझ्याच घरी आहे. "पोरी म्हणतीन तवा नेईन," असे म्हणून बाई गेली. तेव्हा भाच्यांनो, उत्तर मिळाले का? पुढच्या वेळी मुकुटबनला याल तेव्हा सकाळी दहाच्या उजेडात चित्र बघा, मोबाईलवर नको. शेजारी आजीचा फोटोही लावून ठेवला आहे. दोन्ही बघा, आणि मग सांगा कोणाचा रंग चुकला.

असो. आज्जीआजोबांची चित्रे काढणाऱ्या इतर मंडळींनीही आपले अनुभव जरूर लिहावेत. वाट पाहतो.